चार इंच जपान

मोटारीवर जीव टाकणारी माणसं कोल्हापुरात पैशाला पासरी मिळतील. पण आमच्या थोरल्या दाजींनी एका मोटारीवर जसा जीव टाकला, तसा हातकणंगल्यापासून कागलपर्यंत कुणी टाकला नसेल. यात अतिशयोक्ती असलीच तर एवढीच, की मधली सगळी गावं मी काही पालथी घातलेली नाहीत. गंमत म्हणजे दाजींना मोटार चालवता येत नव्हती. ते मोपेडवरून फिरत, तीही चढाला पाय मारत. ज्या मोटारीवर त्यांचा जीव जडला होता ती त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाच, सव्वा दिवस पाहिली होती. आणि तिच्या वारसाची, म्हणजे तिच्यानंतर येणार, आता येणार, पुढच्या वर्षी नक्की येणार अशी आवई उठलेल्या नव्या गाडीची, त्यांनी बारा-तेरा वर्षं वाट पाहिली. या वाट पाहण्यात माझा हात किती होता ते सांगायला मला मुळीच आवडणार नाही, पण ते सांगितल्याशिवाय ही हकिकत पुढे सरकत नाही.

गाडीचं नाव मी लिहीत नाही, कारण दाजी ते घेत नसत. आमच्या अक्काचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं, नाव त्यांनी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नाही, तसंच या गाडीचंही. ती जपानात तयार होते एवढ्यावरून ते तिला नुसतं "जपान" म्हणत. रविवारी सकाळी मी त्यांच्या दारात स्कूटर लावली की आतून हाक यायची, "काय म्हणतंय जपान?" वास्तविक मी एका कॉलेजात इंग्रजी शिकवणारा माणूस. माझी स्कूटर एका कुशीवर आडवी केल्याशिवाय चालू होत नसे, आणि तसं का करावं लागतं हेही मला कधी कळलं नाही. पण दाजींच्या दरबारी मी जपानचा वकील होतो. आयुष्यात दुसरीकडे कुठे मला इतका मान मिळाला नाही, म्हणून तो मी सोडला नाही.

दाजींचं उद्यमनगरात मशीन शॉप होतं. तीन लेथ, एक शेपर, एक ड्रिल, आणि ऑईल इंजिनांच्या सुट्या भागांचं काम. खिशात पेन असावं तसं त्यांच्या खिशात व्हर्निअर असे, आणि दिसेल ते ते मापत. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा ओढत, त्याही इतक्या समांतर की पाहणाऱ्याला वाटावं, पट्टी लावूनच ओढल्यात. जेवायला बसले की आधी भाकरीची कड चिमटीत धरून बघायचे आणि म्हणायचे, "कडंला जाड, मधी पातळ. जॉब रिजेक्ट." अक्का दुसरी भाकरी तव्यावरून थेट त्यांच्या ताटात टाकत म्हणायची, "उद्यापास्नं लेथवर करून घ्या." माझ्या साखरपुड्यात तर त्यांनी भर मांडवात माझी अंगठी काढून घेतली, तिच्यात व्हर्निअर घातला आणि सासरेबुवांना सांगितलं, "पावणं, गोल न्हाई ही. लांबट हाय." ती सोनाराकडे परत गेली, गोल होऊन आली आणि मग माझ्या बोटात जाईना. सीमेवरच्या गावात आजोळी वाढल्यामुळे त्यांची एक खोड होती: माप अगदी बारीक झालं की ते कन्नडमध्ये मोजायला लागायचे. "ओंदु, एरडु, मूरु" सुरू झालं की शॉपमध्ये सगळे बोलायचं थांबवत. मी इंग्रजीत बोलायला लागलो की वर्गात नेमकं उलटं व्हायचं.

ती मोटार आली नव्वदच्या दशकात, एका उन्हाळ्यात. बंगळूरचा कुणी व्यापारी ती घेऊन पुण्याला निघाला होता. कागलच्या अलीकडे पुढच्या ट्रकच्या चाकाखालचा दगड उडाला, गाडीच्या पोटात कुठेतरी बसला आणि पाण्याच्या पंपाची पुली फुटली. हमरस्त्यावरच्या मेकॅनिकनं सांगितलं, ड्रॉइंग न बघता पुली करून देणारा एकच माणूस आहे, आणि गाडी ओढत उद्यमनगरात आणली. दाजींनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि विचारलं, "आन् पिस्टन कुठं हायत?" व्यापारी म्हणाला, नाहीत. या इंजिनात खालीवर काहीच होत नाही; आत एक तिकोनी लोखंड गोल फिरतं, बस्स. मी नेमका तिथे होतो. दाजी हळूच स्टुलावर बसले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला पुढे बऱ्याच वर्षांनी समजलं. या माणसानं जन्मभर लेथवर गोल फिरणाऱ्या वस्तू केल्या होत्या, आणि त्या सगळ्या जाऊन बसत होत्या खालीवर धडधडणाऱ्या इंजिनात. जगाच्या पाठीवर कुणीतरी नुसतं फिरणारं इंजिन केलंय, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

पुलीला एक दिवस आणि वर चार तास लागले. दुसऱ्या दिवशी गाडी चालू झाली तेव्हा दाजींनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि चालू इंजिनावर कडेवर उभं केलं. उद्यमनगरात इंजिनाची परीक्षा अशीच घेतात. आपल्याकडच्या इंजिनांवर ते नाणं "शिवाजी" म्हणेपर्यंत उभं राहिलं तर पेढे वाटतात. या गाडीवर नाणं उभं राहिलं, मालकाचा चहा पिऊन झाला तरी उभं राहिलं, शेवटी दाजींनीच ते उचललं. व्यापारी पैसे काढायला लागला, तर दाजी म्हणाले, "पैसे र्‍हाऊ द्यात. कागलपतूर न्या आन् परत आणून सोडा." परत आल्यावर ते थेट मोरीत गेले. हातपाय धुतले, जेवायला बसले, भाकरीची कडही तपासली नाही. अक्का घाबरली. तिनं विचारलं, "कसं वाटलं?" दाजी म्हणाले, "आजवर आपुन केलं ते नुसता आवाज हुता." मग उठून त्यांनी ते नाणं धुतलं, कुंकू लावलं आणि देवघरात लिंगाच्या शेजारी ठेवलं.

आता माझा नंबर. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कुणा दानशूराच्या कृपेनं मोटारींचं एक इंग्रजी मासिक येत असे. ते कुणीच वाचत नसे, त्यामुळे ते मी घरी न्यायला कुणाची हरकत नव्हती. एका रविवारी त्यात मला त्या गाडीचं चित्र दिसलं आणि खाली मजकूर, की कंपनी म्हणे हिचा पुढचा अवतार काढण्याच्या विचारात आहे. मी ते दाजींना वाचून दाखवलं. चांगला मेव्हणा म्हणून दोन मिनिटांचं पुण्य पदरात पाडून घ्यावं, एवढाच विचार. दाजींनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "'म्हणे' म्हंजे कोन म्हणे? नाव सांगा की." मी म्हणालो, जाणकार. "जानकार म्हंजे कारखान्यातला, का तुमच्यासारका?" मी घाईघाईनं पान उलटलं.

पण दर रविवारचा रिवाज पडला. मी मासिक घेऊन जायचो, दाजी हातातलं काम थांबवायचे, मी मराठीत सांगायचो, अक्का मधूनच म्हणायची, "बाजारात तुरी, आन् भट भटणीला मारी," आणि मग दाजी मला मिसळ खायला घेऊन जायचे. एकदा बातमी आली, नव्या गाडीला मागेही दोन जणांची जागा असणार. अक्का पहिल्यांदाच खूश झाली, म्हणजे तिलाही बसता येणार. दाजींनी नापसंती दाखवली. एकदा बातमी आली, छप्पर उघडणारं असणार. दाजी म्हणाले, "उद्यमनगरात? लोखंडाचा कीस डोळ्यात जाईल. कळवा त्यास्नी." मी मान डोलावली, जशी काही जपानला चिठ्ठी लिहायची तेवढी बाकी होती. पुढे जुनी गाडी काढायची कंपनीनं बंद केली आणि खरोखरच चार जणांची एक नवी गाडी आली, तेच फिरणारं इंजिन घेऊन. मी धावत चित्र घेऊन गेलो. दाजींनी भिंगातून बघितलं आणि परत दिलं. "ही वारस न्हवं. चुलत भैन हाय. वारस अजून यायचाय." तेव्हा मला वाटलं हा हट्ट आहे. पण पुढच्याच अंकात इंग्रजी मासिकवाल्यांनी हेच, फक्त अर्धं पान घेऊन, म्हटलेलं होतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण उद्यमनगरात एक कायदा आहे: आधी जागा, मग मशीन. मशीन यायच्या आधी तिचं ड्रॉइंग येतं, जमिनीवर रेघा मारतात, खालची जमीन पक्की करतात. मशीन दारात आल्यावर जागा शोधणाऱ्याला तिथे माणसात धरत नाहीत. त्या कायद्यानं दाजींनी पहिल्याच वर्षी मासिकातली मापं माझ्याकडून लिहून घेतली आणि शॉपच्या मधोमध, खांब आणि वडिलांची लेथ यांच्यामध्ये, पिवळ्या ऑईलपेंटनं एक चौकोन आखला. चौदा फूट लांब, पावणेसहा फूट रुंद. गाडी विकत घ्यायची ऐपत नव्हती, तसं त्यांचं म्हणणंही नव्हतं. ते म्हणायचे, "इकत कोन घेतंय? पण कुनाचीतरी बंद पडंलच की हमरस्त्यावर. आनतील हितंच. जागा नगं?" त्या चौकोनात कुणी लोखंडी बार ठेवायचा नाही, सायकल लावायची नाही, पाय ठेवायचा तर चप्पल काढून. खंडेनवमीला सगळ्या मशिनींना झेंडूची माळ पडायची, तशी एक माळ त्या रिकाम्या चौकोनातही पडायची. बाहेरचे लोक आधी हसायचे. मग तेही दारात चपला काढायला लागले.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. एका वर्षी तीन महिने काहीच बातमी आली नाही. दाजींचं तोंड उतरलं. शेजारच्या फौंड्रीचे मालक दारात उभे राहून मोठ्यानं विचारायचे, "काय, पोचली का जपानची पावणी, का अजून बोटीतच हाय?" त्या रविवारी दाजींनी "काय म्हणतंय जपान?" विचारलं तेव्हा त्यांचा आवाज असा काही होता की मला राहवलं नाही. मी बातमी नसलेलं मासिक उघडलं, एका ट्रॅक्टरच्या जाहिरातीकडे बघितलं आणि म्हणालो, "रुंदी वाढणार म्हणतात, दाजी." "किती?" मला वाटलं, एक इंच म्हणावं तर बातमी वाटणार नाही, फूट म्हणावं तर खोटं वाटेल. "चार इंच," मी म्हणालो. दाजींचा चेहरा उजळला. मिसळीबरोबर मला त्या दिवशी जादा कट मिळाला. मी समाधानानं घरी येऊन झोपलो.

पुढच्या रविवारी गेलो तर शॉपमध्ये जड मशीन उचलायचा चेन-ब्लॉक टांगलेला, आणि पाच माणसं दाजींच्या वडिलांच्या लेथभोवती उभी. चौकोन चार इंचांनी वाढवायचा तर एका बाजूला खांब, तो हलणार नाही. दुसऱ्या बाजूला लेथ. म्हणजे लेथ हलणार. ती लेथ दाजींच्या वडिलांनी बसवलेली होती, दाजींनी तिच्यापुढे नारळ फोडला, हात जोडले आणि पुटपुटले, "माफी करा, चारच इंच." मला सहावा माणूस म्हणून पहार धरायला लावली. लेथ दुपारपर्यंत चार इंच सरकली, आणि माझी पाठ आठ दिवस जागची सरकली नाही. पाण्याची पातळी लावून लेथ पुन्हा समपातळीत बसवायला दाजींना महिना लागला. तो महिनाभर त्यांनी कन्नडशिवाय काही मोजलं नाही. नंतर बूड सिमेंटमध्ये पक्कं करून म्हणाले, "आता जन्मात हलवायची न्हाई." मी त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण माणसं घामाघूम होऊन हसत होती, आणि मी भित्रा आहे.

त्याहून मोठी फजिती पुढे. दोनेक महिन्यांनी सलूनमध्ये बसलो होतो. शेजारच्या खुर्चीवरचा एक अनोळखी इसम न्हाव्याला सांगत होता, "ती जपानची गाडी हाय बघ, बिनपिस्टनची, ती चार इंचानं वाढायल्या. पुण्याच्या माणसानं सांगितलं." मी अर्ध्या दाढीनं उठलो. खरंच सांगतो, मला त्या क्षणी आठवलंही नाही की ही बातमी माझीच होती. वाटलं, चला, आपला अंदाज बरोबर निघाला! तसाच दाजींकडे गेलो आणि सांगितलं, पुण्याहूनही दुजोरा आलाय. दाजींनी शॉपमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दोन ठिकाणनं आली म्हंजी पक्की." परत येताना शाहूपुरीच्या वळणावर मला आठवलं, की ते चार इंच माझेच. त्यानंतर मी खोटी बातमी सांगितली नाही. अर्थात खरी बातमी लपवायला मला काही अडचण आली नाही.

ती खरी बातमी अशी होती. पुढच्या दशकाच्या शेवटाकडे मासिकाच्या अगदी शेवटच्या पानावर पाच ओळी आल्या, की वारसाचं काम कंपनीनं बंद केलं आहे, पुढे काही बेत नाही. मी ते मासिक घरी पलंगाखाली ठेवलं आणि महिनाभर रविवारी दुसऱ्याच गप्पा मारल्या. त्याच सुमारास दाजींची मुलगी सुषमा पुण्याची नोकरी सोडून परत आली. ती इंजिनिअर. तिनं आठ दिवसांत सगळं ताडलं: जुन्या लेथवरचं काम आता कुणाला नको होतं, पंपवाल्यांची मोठी ऑर्डर हातची जायला आली होती, आणि ती गेली की शॉपला कुलूप. तिनं कॉम्प्युटरवर चालणारी एक जुनी लेथ शोधून काढली होती. विकणारा आठ दिवस थांबणार होता. ठेवायला शॉपमध्ये एकच जागा होती, आणि दाजी त्या जागेचं नाव काढू देत नव्हते.

अक्कानं मला दुपारी जेवायला बोलावलं, त्यावरूनच मी समजायला हवं होतं. भरलं वांगं वाढून झाल्यावर सुषमानं विचारलं, "मामा, त्या पिवळ्या चौकोनाचा मालक कोन?"

"तुझे अप्पा," मी म्हणालो.

"न्हाई. तुमी. दर रविवारी येऊन पेंट तुमीच ओला ठेवताय."

"बारा वर्सं माझ्या नवऱ्याला नादाला लावलंस," अक्का म्हणाली. "तूच सोडव. शॉप बंद पडलं तर ह्या माणसानं दिवसभर मापायचं काय? भाकरी?" ती हसत म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. मी वांगं ताटाच्या कडेला सारलं.

रविवारी मी मासिक पलंगाखालून काढलं आणि गेलो. दाजी लेथवर वाकलेले होते. "काय म्हणतंय जपान?" मी उभ्या उभ्या पाच ओळी वाचल्या, एकही शब्द न बदलता. तेवढी एकच बातमी मी त्यांना जशीच्या तशी दिली असेन. दाजींनी लेथ बंद केली. "कवाची हाय ही?" महिन्यापूर्वीची, मी म्हणालो. आणि एकदा तोंड उघडलंच होतं, तर मी तेही सांगून टाकलं. "दाजी, ते चार इंच कुठेही छापलेले नव्हते. ते मी माझ्या मनानं सांगितले होते."

दाजींनी हात कापडाला पुसले, एकेक बोट, आणि वडिलांच्या लेथकडे बघितलं. "मी तिची माफी मागितलती," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "चा घ्या आन् जावा, पावणं." मी चहा घेतला नाही. स्कूटर आडवी केली, ती चालू होईना, तर ढकलत घरापर्यंत नेली. वाटेत दोघा-तिघांनी विचारलं, काय झालं, मास्तर? मी प्रत्येकाला म्हणालो, प्लग. हेही खोटंच.

चौथ्या दिवशी अक्काचा फोन आला. दाजींनी त्याच रात्री जेवताना सुषमाला एवढंच सांगितलं होतं, "आन तुझी मशीन. जागा रिकामी ठिवू ने." आणि आज ट्रक दारात उभा होता, क्रेन लागली होती, आणि भलताच घोटाळा झाला होता. मी पोचलो तेव्हा सुषमा हातात कागद घेऊन रडकुंडीला आली होती. विकणाऱ्यानं दिलेल्या ड्रॉइंगमध्ये मशीनच्या पाठीमागची उघडणारी दारं धरलेलीच नव्हती. दारं धरली तर रुंदी पाच फुटांवरून थेट सहाच्याही वर जात होती. क्रेनवाला घड्याळ बघत होता. फौंड्रीचे मालक दारात येऊन उभे राहिले होते, पण त्या दिवशी त्यांनीही पावणीची चौकशी केली नाही.

दाजी टेप घेऊन पुढे झाले. आधी ट्रकवर चढून मशीन मापली, दारं उघडून. मग खाली येऊन चौकोन मापला, खांबापासून वडिलांच्या लेथपर्यंत. मग शेवटच्या टोकाला वाकले, खिशातला व्हर्निअर काढला, आणि मला ऐकू आलं, "ओंदु... एरडु." त्यांनी मान वर केली. "बसतीया. दोन सूत शिल्लक." सुषमानं पुन्हा मापलं. बसत होती. जुन्या चौकोनात बसली नसती. पावणेसहा फुटांत ती दारं उघडलीच नसती. दाजींनी आजूबाजूला बघितलं, मी खांबामागे उभा होतो तिकडे नजर लावली, आणि चार दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "पावणं, खोटं बोललासा. पर मापात बोललासा."

मशीन उतरली, बसली, दुसऱ्या दिवशी चालू झाली. तिच्या अंगावर पत्र्याची एक छोटी पट्टी होती, तिच्यावर कुणाला न वाचता येणारी चौकोनी अक्षरं. दाजींनी मला बोलावून ती वाचायला सांगितली, जणू ते इंग्रजीच. मी म्हणालो, ही जपानी आहे, दाजी, मशीन जपानची आहे. हे सुषमाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, तिनं सांगितलंही होतं; पण दाजींनी आत्ता ऐकलं. ते आत गेले, देवघरातलं नाणं घेऊन आले आणि चालू मशीनवर कडेवर उभं केलं. ते उभं राहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाजींनी नाणं उचललं, पुसलं आणि खिशात टाकलं.

पंपवाल्यांची ऑर्डर राहिली, शॉप राहिलं. दाजींनी माझ्यावर राग धरला नाही. रविवारी मी जातो, ते मिसळ खायला नेतात, स्कूटर का आडवी करावी लागते हे तिसऱ्यांदा समजावून सांगतात. फक्त एक गोष्ट ते विचारेनासे झाले. दारात स्कूटर लावली की मी उगाच क्षणभर थांबायचो. आतून मशीनचा आवाज यायचा, हाक यायची नाही. मासिक मी तरीही वाचत होतो, नेतही होतो, आणि पिशवीतून न काढता परत आणत होतो. बारा वर्षं मला वाटत होतं की बातमीची गरज त्यांना आहे. त्या हाकेसाठी मी दर आठवड्याला इतका आसुसलेला असतो, हे पन्नाशीत कळणं काही फार शहाणपणाचं लक्षण नाही, पण मला ते तेव्हा कळलं.

गेल्या खंडेनवमीला मी सकाळीच गेलो. मशिनी पुसून चकचकीत, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. जपानी मशीनला सगळ्यांत मोठी माळ. मशीन दहा फूट लांब, त्यामुळे चौदा फुटी चौकोनाचा एक तुकडा तिच्यापुढे उघडा राहिला आहे, दोन कोपरे आणि मधली चार फूट रिकामी जमीन. पूजा आटपली, सुषमा प्रसाद वाटायला बाहेर गेली, आणि माझ्या लक्षात आलं की दाजींच्या हातात अजून एक माळ उरली आहे, वीतभर. ते वाकले आणि ती त्या रिकाम्या तुकड्यात, बरोबर मध्यावर ठेवली. मी पाहिलं नाही असं दाखवायला वडिलांच्या लेथकडे वळलो.

"काय म्हणतंय जपान?" दाजींनी विचारलं. माझ्याकडे बघत नव्हते, माळ सरळ करत होते.

पिशवीत मासिक होतं. मी ते काल रात्री पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं होतं, जाहिरातींसकट. एखादा इंच जिभेवर आलाही होता. "काही नाही, दाजी," मी म्हणालो. "या खेपेला काहीच नाही. हो नाही, आणि नाहीपण नाही."

दाजींनी गुडघ्यावर हात ठेवून कंबर सरळ केली. "मग बरं हाय की," ते म्हणाले. "म्हंजे वाट बघाय हरकत न्हाई." आणि चपला हातात घेऊन, चौकोनाला वळसा घालून, ते मला मिसळीला घेऊन निघाले.